अर्थिंग नसलेल्या जुन्या घरातील दिव्यांची वायरिंग: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)

आमचे घर लष्कर भागात माधवगंजाच्या बाजूला असून ते आजोबांनी बांधलेले आहे. भिंती दगडी आहेत आणि छत लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या दगडी पटियांचे आहे, त्यामुळे भिंतीत किंवा छतात खाच पाडून पाइप बसवणे जवळजवळ अशक्य आहे. दिव्यांची मूळ वायरिंग सागवानी पट्टीवर पितळी क्लिपांनी बसवलेली आहे आणि तिच्यावरील रबर आता हात लावताच भुग्यासारखे गळते. न्हाणीघर व स्वयंपाकघर यांत पुढे कधीतरी ॲल्युमिनियमची प्लास्टिक आवरणाची वायर जोडलेली दिसते. दिव्यांच्या संपूर्ण वायरिंगमध्ये तिसरी, म्हणजे अर्थची, वायर कोठेही नाही. मेन स्विचच्या खाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असून ते फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) अशा दोन्ही वायरींत बसवलेले आहेत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, न्हाणीघराची भिंत पाझरत असताना, माझी ७४ वर्षांची आई स्विच बंद करून दिवा बदलू लागली आणि पितळी होल्डरला बोट लागताच तिला जोराचा झटका बसला. हात झटकला गेल्यामुळे ती स्टुलावरून घसरली. सुदैवाने कोपराला मुका मार लागण्यापलीकडे काही झाले नाही. त्यानंतर मी तीन वायरमनांना घर दाखवले. पहिल्याने अंगणात खड्डा करून अर्थिंग गाडले की काम झाले असे सांगितले. दुसऱ्याच्या मते सर्व वायरिंग नव्याने केल्याशिवाय काहीही करण्यात अर्थ नाही. तिसऱ्याने न्यूट्रलची वायरच सॉकेटच्या अर्थच्या पिनेला जोडून देतो, म्हणजे खोदकाम नको, असे सुचवले.

वरच्या मजल्यावर काकांचे कुटुंब राहते आणि मीटर एकच आहे, त्यामुळे पूर्ण नवी वायरिंग सर्वांच्या संमतीने दिवाळीनंतरच होऊ शकेल. तोपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत काय केले असता धोका खरोखर कमी होईल, आणि ते कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त विद्युत अभियंता, मुरार)

आपल्या आईंना बसलेल्या झटक्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा लागेल, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज होता, याचे सर्वांत संभाव्य कारण हे की तो स्विच फेजच्या वायरीत नसून न्यूट्रलच्या वायरीत आहे. अशा जोडणीत स्विच बंद केला की दिवा विझतो, मात्र होल्डरपर्यंत पूर्ण दाब तसाच उभा राहतो. जुन्या घरांत हे वारंवार आढळते, कारण मीटर बदलताना किंवा खांबावरून नवी वायर ओढताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तर एका क्षणात घरातील सर्व स्विच चुकीच्या बाजूला जातात आणि दिवे पूर्वीसारखेच लागत राहिल्याने कोणाच्या ते लक्षातही येत नाही. घरात एलईडी दिवे असतील तर रात्री स्विच बंद करून पाहावे. दिवा मंद मिणमिणत राहिला तर हा दोष असण्याची शक्यता आहे. तसे दुसऱ्या कारणांनीही होऊ शकते, त्यामुळे प्रत्येक होल्डर आणि स्विच वायरमनाकडून तपासून घेणे हाच पक्का उपाय आहे.

आता तिसऱ्या वायरमनाच्या सल्ल्याविषयी. तो कृपया कोणत्याही परिस्थितीत मानू नये. न्यूट्रल आणि सॉकेटची अर्थ पिन घरात जोडल्यावर जोपर्यंत न्यूट्रल अखंड आहे तोपर्यंत सर्व ठीक भासते. परंतु ज्या दिवशी न्यूट्रल कोठे तुटेल, सैल होईल किंवा त्यातील फ्यूज उडेल, त्या दिवशी चालू उपकरणातून आलेला फेज त्या पिनेमार्फत फ्रिजच्या, कूलरच्या आणि धुलाई यंत्राच्या पत्र्यावर पोहोचेल. आपल्या घरात तर न्यूट्रलमध्ये फ्यूज आहेच, म्हणजे हा अपघात घडण्याची व्यवस्था आधीच तयार आहे. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवण्यास भारतीय विद्युत नियम १९५६ नुसारच मनाई होती. त्याजागी तांब्याची अखंड न्यूट्रल लिंक बसवून घ्यावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे.

पहिल्या वायरमनाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि अर्धवट बरोबर असलेला सल्ला माणसाला निर्धास्त करतो म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. अंगणात पाइप गाडून केलेल्या अर्थिंगचा जमिनीशी असलेला रोध समजा ४० ओहम आहे. ग्वाल्हेरच्या दगडी जमिनीत, तेही ज्येष्ठात खड्डा कोरडा पडलेला असताना, हा आकडा मुळीच अतिशयोक्त नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरू. एखाद्या पंख्याच्या लोखंडी अंगाला फेज लागला, तर २३० व्होल्ट भागिले ४२ ओहम, म्हणजे सुमारे साडेपाच ॲम्पिअर प्रवाह जमिनीत जाईल. एवढ्याने ५ ॲम्पिअरची फ्यूज-तारही वितळत नाही, कारण ती वितळण्यास तिच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट प्रवाह लागतो. मग १५ ॲम्पिअरच्या फ्यूजची गोष्टच नको. परिणामी फ्यूज शाबूत राहतो आणि पंख्याच्या अंगावर २१९ व्होल्ट तासन्‌तास उभे राहतात. घरात अर्थिंग आहे या विश्वासाने माणूस हात लावतो, आणि अर्थिंग असूनही दगावतो.

ही उणीव भरून काढणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच गाभ्यातून जातात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला की स्विच आपोआप तुटतो. घरासाठी ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०३ ॲम्पिअर, संवेदनक्षमतेचे उपकरण घ्यावे. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ ॲम्पिअर जाऊ शकतात. एवढा फरक पडल्यावर हे उपकरण सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत वीज तोडते. महत्त्वाची बाब ही की त्याला काम करण्यासाठी घरात अर्थची वायर असावीच लागते असे नाही, कारण माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेला प्रवाहही त्याच्या दृष्टीने फरकच असतो. वर घेतलेल्या ४० ओहमच्या कमकुवत अर्थिंगवरही ते पहिल्या क्षणालाच तुटेल.

म्हणून माझ्या मते आपण या आठवड्यातच मेन स्विचनंतर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि त्याच्यापुढे प्रत्येक भागासाठी एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्यावेत. नुसता आरसीसीबी जास्त भारापासून किंवा शॉर्टसर्किटपासून वायरीचे रक्षण करत नाही, हे लक्षात असू द्यावे. रबर गळणाऱ्या वायरीसाठी दिव्यांच्या सर्किटवर ६ ॲम्पिअरचा एमसीबी पुरेसा आहे. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी एकदम दोन्ही हातांनी धरल्या तर मात्र आरसीसीबीला फरक जाणवत नाही, त्यामुळे तो बसवला म्हणून निष्काळजीपणा करण्यास मोकळीक मिळत नाही.

उत्तर २ (गृहिणी, दौलतगंज)

मी अभियंता नाही, परंतु आमच्याकडे जे घडले ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. आमचेही घर पटियांचेच आहे आणि दिव्यांच्या बोर्डावर पूर्वी दोन पिनांची सॉकेट होती. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय दिवस निघत नाही, म्हणून आम्ही पत्र्याचा मोठा कूलर खिडकीत बसवून त्याची वायर त्याच दिव्यांच्या बोर्डातून घेत असू. एके दुपारी माझ्या जाऊबाई कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होत्या. फरशी ओली होती, पाय अनवाणी होते, आणि पंपाच्या वायरीचे आवरण पाण्यात राहून मऊ झाले होते. त्यांचा हात पत्र्याला चिकटला तो सुटेना. पुतण्याने प्रसंगावधान राखून त्यांना न धरता आधी धावत जाऊन मेन बंद केला, म्हणून त्या वाचल्या. त्याने त्यांना ओढले असते तर दोघेही गेले असते.

आपण दिव्यांच्या वायरिंगविषयी विचारले आहे, आणि दिव्याला कोणी वारंवार हात लावत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्या घराच्या दिव्यांच्या बोर्डातून काय काय चालते याची एकदा यादी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या यादीत कूलर, इस्त्री, मिक्सर आणि नळाचे पाणी वर चढवणारी छोटी मोटर निघाली. यांतील एकही वस्तू अर्थिंगविना चालवण्याजोगी नव्हती. आम्ही त्या चारही वस्तूंसाठी मीटरजवळून तीन वायरींची स्वतंत्र लाइन भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून ओढली आणि जुन्या बोर्डांवरील सॉकेट काढून टाकून तेथे कोऱ्या पट्ट्या बसवल्या. तीन भोकांचे सॉकेट असून वरचे भोक मागे कोठेही जोडलेले नाही, असेही आमच्याकडे दोन ठिकाणी निघाले. पाहणाऱ्याला त्यामुळे अर्थिंग आहे असेच वाटते. घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, मेन स्विच कोठे आहे आणि तो कसा पाडायचा हे आम्ही त्या दिवसापासून शिकवून ठेवले आहे.

उत्तर ३ (विद्युत ठेकेदार, इंदूर)

मुरारच्या सदस्यांनी आरसीसीबीविषयी जे लिहिले आहे ते योग्यच आहे, तथापि त्यांच्या क्रमाशी मी पूर्णपणे सहमत नाही. रबरी वायरिंग ओल धरलेली असताना सरळ मेनला आरसीसीबी लावला तर तो दिवसातून दहा वेळा पडतो. मग घरातील कोणीतरी कंटाळून वायरमनाला बोलावते, आणि तो उपकरणाला बगल देऊन वायर थेट जोडून जातो. मी इंदुरात राजवाड्याच्या मागील जुन्या घरांत असे बंद पाडलेले आरसीसीबी स्वतः पाहिले आहेत. डबीत दिसतात, पण त्यांतून वीज जातच नाही. म्हणून आधी मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजणी करावी, नादुरुस्त भाग तोडावा, आणि मग उपकरण लावावे, असे माझे मत आहे.

मोजणी ५०० व्होल्टच्या मेगरने करतात. मेन बंद करून, सर्व दिवे होल्डरमधून काढून आणि स्विच चालू ठेवून प्रत्येक सर्किटच्या वायरी आणि जमीन यांच्यामधील रोध पाहतात. एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दारावरची घंटा आधी सुटी करावी, नाहीतर ती बिघडतील किंवा आकडा चुकीचा येईल. एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक आकडा आला तर ते सर्किट तूर्त वापरण्यास हरकत नाही. त्यापेक्षा खूप खाली गेला तर तो भाग फ्यूजपासून तोडून ठेवावा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही दिव्यांच्या वायरींत वीज राहते, त्यामुळे कोणताही बोर्ड उघडण्यापूर्वी इन्व्हर्टरसुद्धा बंद करून त्याची वायर काढावी. इन्व्हर्टरवरील दिव्यांसाठी त्याच्या पुढे वेगळा आरसीसीबी लागतो का, हेही वायरमनाकडून पाहून घ्यावे.

आणखी एक अडचण जुन्या घरांत नेहमी येते. खालच्या मजल्याचा फेज आणि वरच्या मजल्याचे न्यूट्रल अशी उसनवारी जिन्याच्या दिव्याला बहुधा असतेच. काकांच्या मजल्यासाठी वेगळा आणि आपल्यासाठी वेगळा आरसीसीबी लावल्यास जिन्याचा दिवा लावताच दोन्ही पडतील, आणि दोष उपकरणाचा समजला जाईल. आधी त्या दिव्याचे न्यूट्रल त्याच्याच फेजबरोबर आणावे.

दिवाळीपर्यंत जी दिव्यांची सर्किटे चालू ठेवायची आहेत, त्यांवर धातूचे काहीही ठेवू नये. पितळी होल्डर, लोखंडी ब्रॅकेट, धातूच्या चौकटीची ट्यूबलाइट, पितळी टोप्यांचे जुने गोल स्विच हे सर्व काढून प्लास्टिकचे लावावेत. नवे दिवे घेताना दुहेरी आवरणाचे घ्यावेत. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्यांना अर्थच्या वायरीची गरज नसते. ब्रिटनमध्ये दिव्यांच्या सर्किटलाही अर्थची वायर नेण्याचे बंधन १९६६ पासून आले. त्यापूर्वीची घरे तेथे अजून आहेत आणि तेथेही नवी वायरिंग होईपर्यंत हाच उपाय करतात. बोर्डाजवळ ‘या दिव्यांना अर्थिंग नाही’ अशी चिठ्ठीही चिकटवावी, म्हणजे पुढे कोणी हौसेने पितळी झुंबर आणून लावणार नाही. छताचा पंखा धातूचाच असतो. तो हाताच्या टप्प्याबाहेर असला तरी पुसताना केवळ रेग्युलेटरवर विसंबू नये. मेन पाडूनच पुसावा.

अर्थिंगच्या खड्ड्याविषयी थोडक्यात लिहितो. निदान अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, इमारतीपासून किमान दीड मीटर दूर, शक्यतो न्हाणीचे पाणी मुरते त्या बाजूला गाडावा. दगड लागला म्हणून अर्ध्यावर थांबलेला पाइप दाखवून पैसे मागणारे पुष्कळ भेटतात. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजून दाखवण्याची अट आधीच घालावी. पाण्याच्या नळाला जोडलेले अर्थिंग चालणार नाही, कारण मध्ये कोठेतरी प्लास्टिकचा पाइप निघतोच. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ज्या लोखंडी तारेवर टांगलेली असते ती तारही अर्थ समजू नये. वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत अर्थचे टर्मिनल द्यावे असा नियम आहे. ते आपल्या मीटरपाशी आहे का, याची लेखी विचारणा जरूर करावी.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. दौलतगंजच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे यादी केली, तेव्हा आमचा कूलर आणि आईची पाणी तापवण्याची कांडी दिव्यांच्याच बोर्डावर निघाली. दोन्ही त्याच दिवशी बंद केली. परवानाधारक वायरमनाकडून काल मोजणी करून घेतली. ओसरी व माजघर यांचे सर्किट १.८ मेगाओहम, वरचा मजला १.२ मेगाओहम, आणि न्हाणीघर व मोरीचे सर्किट केवळ ०.०४ मेगाओहम भरले. तपासलेल्या ११ स्विचांपैकी ९ न्यूट्रलमध्ये होते, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल मीटरपाशीच झाली होती. ती आता दुरुस्त केली आहे. उरलेले २ स्विच त्यामुळे उलटे झाले असते, म्हणून त्यांची जोडणी स्वतंत्रपणे बदलून घेतली. न्हाणीघराचे सर्किट तोडले असून तेथे सध्या चार्जिंगचा दिवा वापरतो. न्यूट्रलमधील फ्यूज काढून लिंक बसवली आणि आरसीसीबी परवा बसणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. वायरमन म्हणतो की आरसीसीबीवरील ‘टी’ बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंगही उत्तम आहे असे समजावे. हे खरे आहे का? आणि काकांची इच्छा आहे की आजोबांच्या हातची सागवानी पट्टी, तिच्यावरील वायरीसह, भिंतीवर तशीच राहू द्यावी आणि नवी वायर प्लास्टिकच्या पट्टीतून वेगळ्या मार्गाने न्यावी. यास काही हरकत आहे का?

उत्तर १ (निवृत्त विद्युत अभियंता, मुरार)

इंदूरच्या सदस्यांचा क्रम आपल्या घरासाठी माझ्यापेक्षा अधिक योग्य होता, हे ०.०४ या आकड्यावरून स्पष्ट दिसते; ओल वाढल्यावर त्या सर्किटमुळे आरसीसीबी पडत राहण्याची शक्यता होती.

‘टी’ बटणाविषयी वायरमनाचा समज चुकीचा आहे. ते बटण दाबल्यावर उपकरणाच्या आतच एका रोधकातून थोडा प्रवाह फेजकडून न्यूट्रलकडे गाभ्याला वळसा घालून जातो. त्यामुळे आतील यंत्रणा चालते एवढेच सिद्ध होते. अंगणातील पाइप तुटलेला असला तरी बटण दाबल्यावर उपकरण पडेलच. दर महिन्याला बटण अवश्य दाबावे, परंतु अर्थिंग वेगळे मोजावे, आणि तेही पावसाळ्यात न मोजता वैशाख-ज्येष्ठात, जमीन सर्वांत कोरडी असताना.

काकांच्या इच्छेचा मान राखता येईल. पट्टी आणि पितळी क्लिपा राहू द्याव्यात. त्यांच्यावरील जुनी वायर मात्र दोन्ही टोकांना जोडणीपासून सोडवून, शक्य असेल तेथे संपूर्ण काढून घ्यावी. क्लिपा न उघडता ती निघत नसेल तर दोन्ही टोके हातभर कापून, बोर्डात एकही टोक शिल्लक न ठेवता, पट्टीवर ‘बंद वायर’ असे लिहून ठेवावे. कारण दहा वर्षांनी येणाऱ्या वायरमनाला बोर्डात लोंबणारे टोक दिसले तर तो ते जोडून पाहील.